एकटेपणा, मोबाईल आणि सिनेमे : तुम्हाला कोणता खरा वाटला?

टंकलेखिका · शुक्रवार, रात्री ११:४०

मुलाने जाताना टीव्हीवर काय काय चालू करून दिलंय. त्यामुळे जेवणं उरकली आणि ह्यांनी बातम्या सोडल्या की रिमोट माझ्याकडे. गेला महिनाभर ठरवून मोबाईल आणि सोशल मीडियावाले सिनेमे पाहिले. ठरवून का, ते नंतर सांगते.

सुरुवात 'हर'ने केली. २०१३ चा, स्पाइक जोन्झचा. नायक ऑफिसात बसून दुसऱ्यांची खासगी पत्रं लिहितो. नवऱ्याने बायकोला लिहायचं ते हा लिहिणार, सही त्यांची. मी एकतीस वर्षं एका कचेरीत टंकलेखिका होते. 'आपला विश्वासू' हे दोन शब्द किती हजार वेळा बडवले असतील, आणि त्यातला एकही माझा विश्वासू नव्हता. त्यामुळे हा थिओडोर पहिल्या दहा मिनिटांत मला आमच्याच सेक्शनचा वाटायला लागला. पुढे तो कॉम्प्युटरमधल्या आवाजाच्या प्रेमात पडतो, त्याचंही मला काही विचित्र वाटलं नाही. ह्यांना वाटलं. ते झोपले.

मग 'द सोशल नेटवर्क', २०१० चा. कोर्टकचेऱ्या, भांडणं, आणि सगळे पात्र इतके भरभर बोलतात की मी खालची अक्षरं वाचू की चेहरे बघू! पण शेवट! वकील मंडळी निघून गेली आहेत, फेसबुकचा मालक एकटा लॅपटॉपसमोर. जुन्या मैत्रिणीला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवतो आणि पान रिफ्रेश करतो. थांबतो. परत करतो. मी तेवढा तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला, कारण ही सवय मला आहे. मुलाला बंगळूरला मेसेज टाकायचा, दोन राखाडी टिका बघायच्या, बोटाने स्क्रीन खाली ओढायची आणि सोडायची. निळ्या झाल्या का? नाही. कढीला उकळी येईपर्यंत परत एकदा.

आता माझी तक्रार. या सगळ्या सिनेमांत एकटी माणसं पंचविशी-तिशीची. घरं झकास, खिडकीतून शहराचे दिवे. आमच्या वयाचं कोणी आलंच तर गुड मॉर्निंगची फुलं पाठवायला येणार, म्हणजे बाकीच्यांना हसायला. नाशकात पाथर्डी फाट्याला आमच्या बिल्डिंगीत सोळा फ्लॅट आहेत. नऊ घरांत फक्त दोघं दोघं म्हातारी, दोन घरांत एकेकच. त्यांचा सिनेमा कुठाय?

आम्ही तिवंध्याला वाड्यात होतो तेव्हा फोन फक्त मालकांकडे. आमचा सगळ्यांचा तोच पीपी नंबर. कोणाचा फोन आला की मालकीणबाई जिन्यातून हाक मारायच्या आणि अख्खा वाडा कान देऊन ऐकायचा. तिथे एकटं वाटायला फुरसतच नव्हती.

तर असा सिनेमा सांगा की ज्यातला एकटेपणा तुम्हाला खरा वाटला. फक्त मोबाईल खलनायक असलेला नको. जुन्या मराठी सिनेमातल्या सासूसारखं झालंय त्याचं, आल्या आल्या कळतं की ही छळणार.

अर्धंतिकीट · शनिवार, रात्री १२:१५

ताई, पाथर्डी फाटा म्हणजे पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक तुमच्या शेजारी. दादासाहेब त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ ला नाशकातच गेले. म्हणजे सिनेमावर बोलायला तुमचा पत्ता अगदी योग्य.

माझं मत 'कैरो'ला. जपानी, २००१, दिग्दर्शक कियोशी कुरोसावा (ते मोठे अकिरा कुरोसावा वेगळे, नात्यातले नाहीत). नावाला भुताचा सिनेमा. भुतं येतात इंटरनेटमधून. तेही मोडेम कुरकुरायचा त्या काळातल्या इंटरनेटमधून. फेसबुक यायला अजून तीन वर्षं होती. भुतं कोणाचा गळाबिळा दाबत नाहीत. त्यांना भेटलेली माणसं हळूहळू गप्प होतात, खोलीच्या दारांना लाल चिकटपट्टी लावतात आणि एक दिवस भिंतीवर काळा डाग उरतो. त्यात कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने बनवलेला प्रोग्राम आहे : स्क्रीनवर ठिपके फिरतात, दोन ठिपके फार जवळ आले तर मरतात आणि फार लांब गेले तर एकमेकांकडे ओढले जातात. मोबाईल आणि माणसांवर मी जे काही पाहिलं, त्यात या ठिपक्यांच्या पुढे कोणी गेलेलं नाही. रात्री एकट्याने बघू नका. किंवा बघाच.

'हर' आवडलाच. पण त्यातला खरा घाव वेगळाच. तो तिला विचारतो, तू आत्ता आणखी किती जणांशी बोलते आहेस? ती सांगते, ८,३१६. आणि प्रेम किती जणांवर? ६४१.

पडद्याआड · शनिवार, रात्री १२:४०

अरे!! मी आज रात्री बघणार होतो. स्पॉयलर लिहायच्या आधी चार ओळी मोकळ्या सोडायच्या, एवढं साधं पथ्य पाळता येत नाही?

अर्धंतिकीट · शनिवार, रात्री १२:४४

बारा वर्षं झाली त्या सिनेमाला. एवढ्यात तर सिंहस्थ फिरून येतो हो.

पडद्याआड · शनिवार, रात्री १२:४६

मी ६४२ वा समजा. बघणार नाही आता.

नाईटशिफ्ट · शनिवार, पहाटे ३:०५

अंबडला तिसऱ्या पाळीला आहे. मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणून आमचं सोशल मीडिया जेवणाच्या सुट्टीपुरतं.

'खो गए हम कहाँ' (२०२३) मी फोनवरच पाहिला, तीन रात्री मिळून, तोही दीड स्पीडने. तीन मित्र आहेत. एक पोरगी जुन्या बॉयफ्रेंडच्या मागावर खोट्या अकाउंटने फिरते. दुसरा स्टेजवर विनोद सांगतो आणि डेटिंग ॲपवर रात्री काढतो. या दोघांचं दुःख मला कळलं पण लागलं नाही, कारण त्यांचं भाडं थकलेलं नसतं. तिसरा नील, जिम ट्रेनर. आदर्श गौरवने केलाय. तो एका फॉलोअर्सवाल्या पोरीबरोबर असतो आणि ती त्याला जगासमोर ओळखच देत नाही. फोटोत सगळे, हा नाही. मग हा खोटं अकाउंट काढून तिलाच घाण घाण लिहितो. वाईट वागतो, पण खरा तोच वाटला. त्याला रागवायला दुसरी जागाच नाही.

काकू, तुम्ही वाड्याचं लिहिलं. आमच्या खोलीत आम्ही पाच जण, पाळ्या तीन, गाद्याही तीन. एक उठला की दुसरा त्याच गरम गादीवर. एकटं राहायला जागा नाही आणि बोलायला वेळ नाही. एका पार्टनरचा आवाज मला नीट आठवत नाही, घोरणं मात्र ओळखतो. असा सिनेमा असेल तर सांगा. सुट्टी संपली.

दहीपूल · शनिवार, सकाळी ९:२०

टंकलेखिका ताई, राग मानू नका, पण वाड्यात एकटेपणा नव्हता असं सांगणारे लोक बहुतेक पुढच्या खोल्यांत राहत असायचे.

आमच्या वाड्यात माझी चुलत आजी मागच्या अंधाऱ्या खोलीत होती. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं. तिच्या हातच्या पापडांना सगळ्यांचे हात पुढे, तिच्याशी बोलायला एकही तोंड नाही. रंगपंचमीला रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद) उघडली की अख्खी गल्ली रंगात उड्या मारायची आणि ही वरच्या गॅलरीच्या गजांतून बघायची. मागे सरून, म्हणजे कोणी रंग उडवू नये म्हणून. खरं तर कोणी उडवणारच नव्हतं. चौदा बिऱ्हाडांच्या गर्दीत ती जितकी एकटी होती तितकं मी कोणाला पाहिलं नाही, आणि तिच्याकडे मोबाईल नव्हता.

म्हणून 'पूर्वी बरं होतं' हे सिनेमावाले म्हणतात तेव्हा मला हसू येतं. सिनेमा न सुचवता निघते. आज वांग्याचं भरीत आहे.

संदर्भासहित · शनिवार, दुपारी १२:५०

दहीपूल यांच्याशी सहमत. थोडी माहिती. बोटाने स्क्रीन ओढून ताजी करायची युक्ती लॉरेन ब्रिक्टर या माणसाने ट्वीटी नावाच्या ॲपसाठी काढली. ते ॲप २०१० मध्ये ट्विटरने विकत घेतलं आणि ती सवय जगभर गेली. जुगाराच्या यंत्राचा दांडा ओढायचा आणि काय पडतंय ते बघायचं, असंच ते आहे, ही तुलना पुष्कळदा केली जाते. निळ्या टिका आल्या नोव्हेंबर २०१४ मध्ये. म्हणजे 'वाचलं पण उत्तर दिलं नाही' हे दुःख फार तर दहा-अकरा वर्षांचं आहे.

ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात म्हटलंय की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास आहे, आणि त्यात तरुण मुलंही मोठ्या संख्येने आहेत. म्हणून सिनेमांत पंचविशीतली माणसं दिसतात, ते अगदीच चूक नाही.

मिसळ_जास्त_तर्री · शनिवार, दुपारी १:०५

एकटेपणाचा मंत्री! त्याला पीए, ड्रायव्हर, बंगल्यावर चार शिपाई. जगात एकच माणूस कधी एकटा नसणार.

सिडकोचीसून · शनिवार, दुपारी २:३०

मी दुसऱ्या बाजूची. मला सासूबाईंचे दिवसाला पंधरा फॉरवर्ड येतात : हळदीचे फायदे, गुडघ्याचं तेल, आणि एक व्हिडिओ ज्यात कोणीतरी नेहमी रडत असतं. टंकलेखिका काकू, मी निळ्या टिका बंद करून ठेवल्यात. त्यात प्रेम कमी झालं असं काही नाही. वाचलेलं दिसलं की पुढचा प्रश्न 'मग उत्तर का नाही?' आणि मी तेव्हा डबे भरत असते.

माझ्या मुलीसाठी 'एट्थ ग्रेड' सांगते. २०१८ चा, बो बर्नहॅमचा. तो स्वतः शाळकरी वयात यूट्यूबवर गाणी टाकून पुढे आला. यातली तेरा वर्षांची केला यूट्यूबवर 'आत्मविश्वास कसा मिळवावा' असे व्हिडिओ टाकते आणि ते कोणीच बघत नाही. शाळेत तिला सगळ्यांत गप्प मुलगी म्हणून निवडलेलं असतं. बाप जेवताना बोलायला जातो तर तिच्या कानात बोंड्या. मी आणि मुलगी मिळून पाहिला. काही जागा अवघड आहेत, आधी एकट्याने बघून ठरवा. संपल्यावर ती काही बोलली नाही. रात्री दार लोटून घेताना म्हणाली, 'त्या बाबासारखं सारखं विचारत नको जाऊस.' मी नाही विचारलं. तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी काय करू ते कोणी सांगेल का?

दहीपूल · शनिवार, दुपारी ४:१०

भरीत कर. आणि हाक मारू नकोस, वास जाऊ दे.

मिसळ_जास्त_तर्री · शनिवार, रात्री १०:५५

आता माझा किस्सा. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' हा २०१६ चा इटालियन सिनेमा. मित्र जेवायला जमतात आणि ठरवतात, सगळ्यांचे फोन टेबलावर, जे येईल ते मोठ्याने वाचायचं. एकेकाची लफडी बाहेर पडतात. इतक्या भाषांत पुन्हा झालाय की विक्रमांच्या पुस्तकात गेला. आपला 'खेल खेल में' (२०२४) त्याचाच.

दिवाळीत आम्ही जुने कॉलेजवाले सात जण गंगापूर रोडला एकाच्या घरी जमलो होतो. मला चेव आला, म्हटलं आपण खेळूया. बायका म्हणाल्या हो, पुरुषांचे चेहरे बघण्यासारखे झाले. सात फोन टेबलावर, मध्ये चिवड्याचं ताट. साडेआठ ते अकरा.

आलेल्या गोष्टी सांगतो. पर्सनल लोन हवंय का, दोनदा. गॅस सिलिंडर बुक झाल्याचा मेसेज. एक ओटीपी, तो कोणी मागवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. बिल्डिंगीच्या ग्रुपवर 'पाणी उद्या कमी दाबाने'. एक मिस्ड कॉल, परत लावला तर राँग नंबर.

लफडं सोडा, अडीच तासांत सात माणसांची कोणी आठवणसुद्धा काढली नाही. सुरुवातीला हसलो. नंतर एकेकाने आपापला फोन हळूच उचलून खिशात टाकला. यजमान म्हणाला, 'आपली माणसं इथेच बसलीयेत ना, म्हणून कोणाचा आला नाही.' बरोबर आहे. तरी पण.

द्राक्षबाग · रविवार, सकाळी ७:१५

आमच्याकडे पिंपळगावच्या बाजूला छाटणीनंतर माणूस बागेतून हलत नाही. ढग आले की डावणीची (वेलीवरच्या बुरशीची) भीती, मग ग्रुपवर पानाचे फोटो टाकायचे, कोणीतरी सांगतं अमुक फवारा. त्या ग्रुपवर मी निम्म्या लोकांना पाहिलेलं नाही, पण रात्री अडीचला पाऊस आला तर तेच जागे असतात. घरातले नसतात. म्हणून मोबाईलला मी शिव्या देणार नाही.

वडील गेले तेव्हा त्याच ग्रुपवर दोनशेच्या वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आले. दोनशे लोकांनी एकच वाक्य, तेच हात जोडलेले. मध्येच एकाने चुकून कांद्याचा भाव टाकला, लासलगावचा. मला खरं सांगायचं तर तेवढ्या एका मेसेजने बरं वाटलं, कारण तो माणसाने लिहिलेला वाटला. पण दशक्रियेला रामकुंडावर गेलो तर ग्रुपवालेच चाळीसेक जण हजर. न सांगता. आता बोला.

सिनेमे दोन. पहिला 'फोटो प्रेम' (२०२१). नीना कुळकर्णी. फोटोला घाबरणारी बाई, आणि मग तिला काळजी लागते की आपण गेल्यावर भिंतीवर लावायला धड फोटोच नाही. आईबरोबर पाहिला. वडिलांचाही चांगला फोटो नव्हता, आधार कार्डावरचा मोठा करून लावलाय, त्यात ते चोरासारखे दिसतात. आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

दुसरा 'गोदावरी'. आपल्या गंगेवरचाच. निखिल महाजनला यासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जितेंद्र जोशीला २०२१ च्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा. निशिकांत जुन्या जागांची भाडी वसूल करत फिरतो, घर सोडून घाटाजवळ एकटा राहतो. बायको-मुलगी, आई-बाप, आजोबा सगळे त्याच गावात, आणि हा त्यांच्यावरही चिडलेला, नदीवरही. ताईंनी विचारलं तसा एकटेपणा म्हणजे हाच : माणसं पाच मिनिटांवर आणि पाय निघत नाही. त्यात सोशल मीडिया नाही, एवढी अडचण आहे.

अर्धंतिकीट · रविवार, सकाळी १०:३०

अडचण कसली, हाच मुद्दा आहे. दहीपूल यांची आजी, हा निशिकांत आणि तर्रीभाऊंचं टेबल एका माळेत बसतात. फोन फक्त मोजून दाखवतो. पूर्वी कोणी आठवण काढली नाही हे कळायला मार्ग नव्हता, आता आकडा दिसतो. 'कंट्रोल' (२०२४, विक्रमादित्य मोटवाने) त्यासाठी बघा. त्यातली नायिका एआयला सांगून बॉयफ्रेंडला जुन्या फोटोंतून पुसून टाकते. उत्तरार्धात सिनेमा कटकारस्थानात घुसतो आणि माझा रस गेला. पण पुसण्याचा भाग अंगावर येतो.

अवांतर : पडद्याआड, 'हर' पाहिलात की नाही?

पडद्याआड · रविवार, दुपारी १२:०५

पाहिला. आकडा माहीत असूनही तिथे पोटात खड्डा पडला. तरी माफी नाही.

टंकलेखिका · रविवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. 'गोदावरी' आज लावला, ह्यांनीही शेवटपर्यंत पाहिला. घाट दिसला की 'ही आपली नारोशंकराची घंटा' वगैरे चालू होतं.

दहीपूल, राग नाही. पण तुमचं वाचून मी दुपारभर आमचा वाडा आठवत बसले. मागे, विहिरीच्या बाजूला, एक माई राहायच्या. शिवणकाम करायच्या. आम्ही त्या वाड्यात अकरा वर्षं होतो. मालकीणबाई जिन्यातून सगळ्यांना हाका मारायच्या, माझं नाव त्यांच्या तोंडून अजून ऐकू येतं. माईंना फोन आल्याची एकही हाक मला आठवत नाही. तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. मी पुढच्या खोलीतली, तुम्ही बरोबर ओळखलंत.

आता ठरवून का पाहिले ते. महिन्यापूर्वी मुलाशी भांडण झालं, फोनवर. मी म्हटलं, दोन दोन दिवस मेसेज बघत नाहीस, आई मेली तरी कळायचं नाही. तो म्हणाला, 'आई, तुझं लास्ट सीन सकाळी साडेसहाचं दिसलं की मला कळतं तू उठलीस, बरी आहेस. मग मी कामाला लागतो. रोज बघतो.' म्हणजे हा माझा मेसेज उघडत नाही, पण मी जिवंत आहे का ते रोज तपासतो! मला राग यावा की काय, ते अजून ठरत नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, पूर्वी दूधवाला करायचा हे काम.

सिनेमांत कुठे असं काही आहे का, ते शोधत होते. नाही सापडलं. सिडकोचीसून, भरीत केलंत का?

सिडकोचीसून · रविवार, रात्री १०:४१

केलं. तीन भाकरी खाल्ल्या. बोलली नाही, पण ताट स्वतः घासलं. काकू, निळ्या टिका मात्र मी बंदच ठेवणार.

द्राक्षबाग · रविवार, रात्री १०:५०

ताई, तुमचं लास्ट सीन बघणारा आहे तर एखाद्या दिवशी आठ वाजेपर्यंत फोन उघडू नका. बंगळूरहून विमानाने येतो का नाही बघा.

टंकलेखिका · रविवार, रात्री १०:५३

तेवढी दुष्ट नाही हो मी. एकदा पावणेसात केले होते.

नाईटशिफ्ट · सोमवार, पहाटे ३:१२

काकू, या धाग्याच्या खाली 'सध्या वाचत आहेत : २' असं येतंय. एक मी आहे.

टंकलेखिका · सोमवार, पहाटे ३:१४

ह्यांना खोकला आहे, काढा गरम करायला उठले होते. तू जेवलास का?

नाईटशिफ्ट · सोमवार, पहाटे ३:१५

आत्ताच. शेवभाजी होती, गावाकडच्या मसाल्याची. थंड झाली होती पण चालते.